लोगोवरची ताडपत्री

कॅरवानच्या छताच्या कडेची पट्टी उचलून मी खालचं लाकूड दाबलं आणि माझा अंगठा पेरापर्यंत आत गेला. आमच्या कारखान्याचे प्रमुख प्रभुणे साहेब खाली उभे राहून फोनवर कुणाला तरी सांगत होते, "पुढच्या आठवड्यात डिलिव्हरी. शंभर टक्के."

अंगठा बाहेर काढला तर नखाला काळपट, ओला भुसा लागलेला. हुंगून बघितला. कुजलेल्या प्लायचा वास एकदा नाकात बसला की माणूस तो पुन्हा विसरत नाही.

"सर, हे छत गेलंय," मी वरूनच म्हटलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "सीलंट मारून घ्या."

"सीलंट कशावर मारू? खाली लाकूडच उरलेलं नाही."

त्यांनी फोन परत कानाला लावला आणि बोलत बोलत ऑफिसकडे निघून गेले.

मी शुभांगी. राहायला मंचरला. चाकणजवळच्या एका बॉडी-बिल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघत होते. बॉडी-बिल्डिंग म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा तयार येतो, त्यावरच्या भिंती, छत, खिडक्या, सीट आम्ही चढवतो. बस करायचो, रुग्णवाहिका करायचो आणि अलीकडे कॅरवानही करायला लागलो होतो. कॅरवान म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची, चाकांवरची खोली. आत झोपायला बाक, छोटा ओटा, दिवे. लोकांना आतलं सगळं आवडतं. छताकडे कुणी बघत नाही, कारण ते दिसतच नाही.

छताचं गणित तसं साधं आहे. खाली आडव्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर प्लाय, मधे उष्णता अडवायला फोम किंवा थर्माकोल आणि सगळ्यात वर फायबरचा पत्रा. चांगल्या छताला हा पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध असतो आणि मधे थोडा फुगवटा असतो, म्हणजे पाणी थांबत नाही. वाईट छत सपाट असतं. पत्रा दोन तुकड्यांचा असतो आणि तो सांधा नुसत्या सीलंटवर, म्हणजे ट्यूबमधून येणाऱ्या रबरासारख्या लुकणावर सोडलेला असतो. ऊन लागलं की सीलंट आकसतं, त्याला केसाएवढी भेग पडते. तेवढी पाण्याला पुरते. पाणी प्लायमधून सरकत जातं आणि भलतीकडेच, दिव्याच्या भोकातून टपकतं. मालक दिवा बदलतो. वर छत कुजत राहतं.

आमच्या यार्डात उभ्या असलेल्या सहा कॅरवान लेण्याद्रीच्या बाजूच्या एका रिसॉर्टने परत पाठवल्या होत्या. आम्हीच बांधलेल्या. त्यातल्या दोन आधीच्या लॉटच्या, एकसंध पत्र्याच्या, ठणठणीत. बाकीच्या चार नंतर खर्च वाचवायला सांध्याचं छत करून बांधल्या होत्या. त्या चारही गळत होत्या. मी शॉवर टेस्ट घेतली होती. म्हणजे छतावर पाइपने पावसासारखं पाणी सोडायचं आणि आत ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला टोचत फिरायचं. चारही कॅरवानच्या भिंती आतून ओल्या होत्या.

आता या सहाही कॅरवान एक मोठी कंपनी समाजसेवेच्या निधीतून घेणार होती, ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांसाठी.

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. तोडणी सुरू झाली की त्याचं घर जातं आणि तो बांधाबांधाने फिरायला लागतो. त्याच शेतांच्या कडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या असतात. बांबू वाकवून वर पाचट किंवा प्लॅस्टिक टाकलेलं, दाराच्या जागी गोणपाट. आत बारकी पोरं झोपलेली. अशा माणसांना दार आणि कडी असलेली खोली मिळाली तर त्यापेक्षा मोठी गोष्ट कुठली?

मी प्रभुणे साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, दोन लगेच द्या. चार थांबवा. छत पूर्ण काढून नवीन टाकू."

"म्हणजे नवीन कॅरवानच बांधायची की."

"छत म्हणजे निम्मी कॅरवान असतेच, सर."

ते खुर्चीत मागे रेलले. माणूस काही राक्षस नव्हता. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला मागेन तेवढी रजा दिली होती. त्या दिवशी मात्र ते हसले आणि म्हणाले, "शुभांगी मॅडम, ती माणसं पाचटाखाली झोपतात. त्यांना हे फाइव्ह स्टार आहे. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं कुणी विचारणार आहे का?"

"मी सही करणार नाही."

"नका करू," ते शांतपणे म्हणाले.

सही दुसऱ्या कुणाची तरी झाली. सीलंटचा आणखी एक थर बसला, वर पांढरा रंग लागला. चारही कॅरवान नव्या नवरीसारख्या दिसायला लागल्या. मला बसच्या सीट बसवतात त्या लाइनवर पाठवलं. "तिथे तुमच्यासारखं माणूस हवंच होतं," असं सांगून.

कॅरवान गेल्या त्या महाळुंगे पडवळच्या शिवारात. मंचरहून ते जवळच. एका रविवारी मी स्कूटी काढून गेले. कशासाठी, ते मला धड सांगता आलं नसतं.

ज्यांच्या रानात त्या उभ्या होत्या ते बबनभाऊ बांधावरच भेटले. साठीचे, डोक्याला टॉवेल. त्यांनी स्वतःच्या विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीतून कॅरवानना लाइट ओढून दिली होती. मी कुठे काम करते ते सांगितलं तसे खूश झाले.

"म्याडम, लई भारी काम केलं तुमी लोकांनी. इतकी वर्सं टोळ्या येत्यात, पर असं कुनी केलं नव्हतं."

मी स्कूटी बांधाच्या कडेला लावली.

एका कॅरवानच्या पायरीवर एक बाई पोराच्या डोक्याला तेल लावत बसली होती. रुक्मिण तिचं नाव. बीडकडची. नवरा अंकुश आणि ती मिळून कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी. पोरगा दीपक पाच-सहा वर्षांचा, अखंड बडबडणारा. आईच्या हातून मान सोडवून घेऊन त्याने मला कॅरवान आतून दाखवली. दिवा लावून दाखवला, विझवून दाखवला. दाराची कडी घालून दाखवली, मग ती काढता येईना म्हणून हसत सुटला.

"ताई, गेल्या साली मी बसूनच झोपायची," रुक्मिण म्हणाली. "पोरगं मांडीवर अन् कोयता हाताशी. औंदा कडी घातली की डोळा लागतो. सकाळी मुकादमाला हाक मारावी लागती."

मी वर बघितलं. दिव्याभोवती पिवळट डाग धरला होता, बशीएवढा.

बाहेर आल्यावर बबनभाऊंना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. छत कुजलंय. कोरडं आहे तोवर चालेल. अवकाळी आला तर आत पाणी येईल, कदाचित छतही खाली येईल.

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "मग आता वो?"

"चार कॅरवानवर ताडपत्री टाका. जाड. कडेने खाली सोडून दोऱ्यांनी चाकांना बांधा. छतावर पाणी थांबायलाच नको."

"त्यात काय एवढं," म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या कांद्याच्या आरणीवरची, म्हणजे ढिगावरची मोठी ताडपत्री आणली, आणखी विकत घेतली आणि चारही कॅरवान झाकल्या. मला फोन करून सांगितलं, "म्याडम, आता ढगफुटी झाली तरी थेंब येनार नाय."

मी थोडी निश्चिंत झाले. छताचा रोग बरा झाला नव्हता, पण हंगाम निघाला असता.

मग कंपनीचे मोठे अधिकारी पाहणीला येणार असं ठरलं. सोबत फोटोवाले. आदल्या दिवशी कंपनीचा समीर नावाचा मुलगा तयारी बघायला आला. हा सगळा उपक्रम तोच सांभाळायचा. मी लाइनवर होते तेव्हा बबनभाऊंचा फोन आला.

"म्याडम, हे साहेब ताडपत्री काढा म्हनत्यात."

"द्या त्यांना."

समीर फार नम्र बोलायचा. "मॅडम, ताडपत्रीमुळे भिंतीवरचा लोगो झाकला जातोय. आणि फोटोत ते पुन्हा झोपडीसारखंच दिसतं ना. लोकांना वाटेल आम्ही झोपडीच दिली."

"ती छतं गळकी आहेत."

"प्लांटकडून सगळं ओके आलंय, मॅडम."

"माझ्याकडून नाही आलं."

"कार्यक्रम झाला की परत घालू. छोटंसं काम आहे."

मी प्रभुणे साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता तुमचा विषय सीटचा आहे."

कार्यक्रम झाला. नारळ फुटला. दीपकच्या हातात चॉकलेटचा डबा देऊन त्याचा कॅरवानच्या दारात फोटो काढला. काढलेल्या ताडपत्र्या वाया कशाला घालवा म्हणून मांडववाल्याने त्या पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली ढेकळांवर अंथरल्या होत्या. संपल्यावर त्याच्या माणसांनी मांडवाचं कापड, खुर्च्या, सतरंज्या गोळा केल्या आणि त्याबरोबर ताडपत्र्याही टेम्पोत टाकून नेल्या. मुद्दाम नव्हे. त्यांना वाटलं आपल्याच.

बबनभाऊंच्या लक्षात आलं तेव्हा टेम्पो गेला होता. मांडववाला फोनवर म्हणाला, "बघतो, परवा पाठवतो." दुसऱ्या दिवशी बबनभाऊ बैलांसाठी बेल्ह्याच्या बाजाराला गेलेले. येताना दुसरी ताडपत्री आणू, असा विचार त्यांनी केला होता. आभाळ दुपारीच भरून आलं.

पाऊस फार वेळ पडला नाही, पण धो धो पडला. टोळीतली माणसं फडातून पळत आली आणि कॅरवानमध्ये शिरली. आधी दिव्यातून धार लागली. मग भिंतीला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. छतातल्या वायरी भिजल्या होत्या आणि करंट भिंतीच्या पट्ट्यांत उतरला होता. अंकुश पळत विहिरीपाशी गेला आणि पेटीतली लाइट बंद केली. तेवढ्यात रुक्मिणच्या कॅरवानचं आतलं छत पाण्याने भरलेल्या पोत्यासारखं खाली लोंबलं आणि बाकावर कोसळलं. ओला प्लाय, थर्माकोलचा चुरा आणि मुंग्या. बाकावर कुणी नव्हतं. त्या वेळी सगळ्यांना वाटलं, वाचलो.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा बायका ओली अंथरुणं पिळत होत्या. बबनभाऊ बाजारातून नुकतेच आलेले. "पुना लाइट जोडायची माजी हिंमत नाय," म्हणाले. "मानसं चिकटून मरतील." त्यांचं बरोबर होतं. मीही तेच सांगितलं. लाइट नसली तरी उरलेली छतंही केव्हाही खाली आली असती, म्हणून कुणीही आत जायचं नाही. चांगल्या छताच्या दोन कॅरवानमध्ये बायका आणि पोरं दाटीवाटीने झोपवली. पण त्या टोळीतल्या दुसऱ्या गटाकडे होत्या. पहिले दोन दिवस सगळे समजुतीने राहिले. मग धुसफूस सुरू झाली आणि रुक्मिणने आपलं बिऱ्हाड बाहेर काढलं. अंकुशने वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, आणि बांबू आणून कोपी घातली. गळक्या कॅरवानच्या शेजारीच.

प्रभुणे साहेबांना मी त्याच संध्याकाळी फोन केला होता. त्यांनी माणूस पाठवलाही. तो सीलंटच्या ट्यूबांचं खोकं घेऊन आला, छताची अवस्था बघितली आणि खोकं बबनभाऊंच्या पडवीत ठेवून परत गेला.

बिबट्या आला तेव्हा दिवस पुरता मावळलाही नव्हता. रुक्मिण चुलीपुढे भाकरी थापत होती. दीपक कोपीच्या तोंडाशी बसून बडबडत होता, नेहमीप्रमाणे. ती सांगते, त्याचा आवाज मधेच बंद झाला म्हणून ती वळली. त्याची मान जबड्यात होती. तिने जळतं लाकूड फेकलं, अंकुश कोयता घेऊन धावला, माणसांनी आरडाओरडा केला. उसाच्या कडेला बिबट्याने त्याला सोडलं.

मंचरला नेलं, तिथून पुण्याला. दीपक जगला. मान पूर्ण वळत नाही आणि आवाज गेला. अगदीच नाही असं नाही, पण घोगरा श्वास निघतो तेवढाच. जवळ कान नेला तर शब्द कळतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रुक्मिण माझ्याशी फार बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तुमाला ठावं व्हतं, न्हाई का ताई?"

"हो."

"मंग आमाला आधी का नाय सांगितलं? बबनभाऊला सांगितलं. मला नाय."

तिला सांगितलं असतं तर ती पुन्हा बसून झोपली असती, असं मला तेव्हा वाटलं होतं. तिला ते मी सांगितलं नाही. ऐकायला बरं वाटलं असतं ते मलाच.

कंपनीने एक निवेदन काढलं. त्यात लिहिलं होतं की सुरक्षित निवारा उपलब्ध करून दिलेला असतानाही सदर कुटुंब बाहेर वास्तव्यास होते. मी ते दोनदा वाचलं. सगळं व्याकरणशुद्ध होतं.

आमच्या कारखान्यात मीटिंग ठेवली. कंपनीच्या वरिष्ठ मॅडम आल्या, समीर आला. मला बोलावलं नव्हतं. रुक्मिणची कॅरवान तोवर ओढून यार्डात आणली होती. मी कॉन्फरन्स रूमचं दार उघडलं आणि म्हटलं, "मॅडम, निवारा उपलब्ध होता असं तुम्ही लिहिलंय. तो एकदा बघून घ्या."

"शुभांगी, नंतर," प्रभुणे साहेब उठत म्हणाले.

"लांब नाही, सर. यार्डातच आहे."

मॅडम उठल्या. त्यांना बहुधा कुतूहल वाटलं. मी पहार घेऊन वर चढले आणि पत्र्याचा सांधा उचकटला. फार जोर लागलाच नाही. एकावर एक सीलंटचे थर निघाले, जुना पिवळा, त्यावर करडा, त्यावर पांढरा. खाली प्लाय नव्हताच, चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा होता. मी ओंजळभर काढून खाली टाकला. समीरने नाकाला रुमाल लावला.

"हे आधीपासून असं होतं?" मॅडमनी विचारलं.

"माझा अंगठा आत गेला होता. तुमच्याकडे यायच्या आधी."

"कुणाला सांगितलं होतं?"

मी प्रभुणे साहेबांकडे बघितलं. त्यांनी समीरकडे बघितलं. समीर मोबाइलकडे बघत होता.

मॅडमनी चपलेच्या टोकाने तो लगदा हलवून बघितला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. नवीन छतं टाकायला लावतील. दीपकचं पुढचं बघतील. निवेदन मागे घेतील.

निवेदन मागे घेतलं नाही, पण संकेतस्थळावरून ते दिसेनासं झालं. दीपकच्या दवाखान्याचं बिल भरलं, त्यापुढे काही नाही. आणि कंपनीने उपक्रमच बंद केला. जोखीम आहे, असं कारण दिलं. सहाही कॅरवान परत मागवल्या.

मी त्या मॅडमना फोन करून विनवलं. "दोन चांगल्या आहेत. मी लिहून देते. त्या तरी ठेवा, त्यात बायका-पोरं झोपताहेत."

"आय अंडरस्टँड," त्या म्हणाल्या. "पण आम्ही आता त्या विषयाशी आमचं नाव जोडून ठेवू शकत नाही."

हंगाम संपायच्या आत ट्रॅक्टर लावून त्या दोन्ही ओढून नेल्या. त्यात झोपणाऱ्या बायकांनी आपापल्या पथाऱ्या बाहेर काढल्या. एकीने मला विचारलं, "बाई, आमच्यात काय बिघाड निघाला?" पुढे त्या दोन कॅरवान एका फार्म-स्टेला विकल्या गेल्याचं कळलं. शनिवार-रविवारी फुल असतात म्हणे.

बबनभाऊ माझ्यावर चिडले. त्यांनी ते लपवलं नाही. "म्याडम, तुमी खरं केलं ते बराबर. पर खरं करून झाल्यावर हितं काय उरलं सांगा. आधी चार गळकी व्हती, दोन धड व्हती. आता सहाच्या सहा गेली."

मी नोकरी सोडली. प्रभुणे साहेब आहेत तिथेच आहेत. आता त्यांच्या सगळ्या कॅरवानना एकसंध पत्र्याचं छत असतं आणि जाहिरातीत ते ठळक लिहिलेलं असतं. काम चांगलं करतात. मी दोनदा बघून आले.

पुढच्या हंगामात टोळी आली. रुक्मिण आणि अंकुशही आले. न येऊन करणार काय? दीपकला सोबत आणलं होतं. गावी ठेवायला कुणी नव्हतं. बबनभाऊंनी कोप्यांभोवती जाळी ठोकून दिली आणि खांबावर मोठा दिवा लावला. वनखात्याच्या माणसांनी पिंजरा ठेवला.

मी आता स्वतंत्रपणे गाड्या तपासून देते. जुन्नरकडे कॅरवान घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि ते मला नेहमी एकच विचारतात, "नेमकं बघायचं काय?" मी सांगते, आतली गादी, पडदे, टीव्ही काही बघू नका. विकणाऱ्याला म्हणा, मला छतावर जायचंय, शिडी द्या. शिडी लगेच आली तर पुढचं बोला. "अहो, वर काय बघायचंय" असं उत्तर आलं तर चहासुद्धा न घेता घरी जा.

हा सल्ला पैसे मोजून घेणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना फुकट मिळतं, त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही.